बाभळीची काडी

"मग गळतंय कुठनं?"

अज्जांनी विचारलं ते शिवगोंडाकडे न बघताच. मठाच्या अंगणात ते उकिडवे बसले होते आणि चुलीतली राख टाकून मोटरसायकलखालचा फरशीवरचा तेलाचा डाग पुसत होते.

शिवगोंडा हात बांधून उभा होता. आत्ताच तो म्हणाला होता, की माझ्या मनात आता कुणाबद्दल काही उरलेलं नाही. राग नाही, लोभ नाही, सगळं आटलं. तेव्हा मला दीक्षा द्या. त्यावर अज्जांचा हा प्रश्न.

प्रश्न गाडीबद्दल होता की आपल्याबद्दल, हे त्याला कळेना. गाडीबद्दलच असावा, असं त्याने धरून चालायचं ठरवलं. मिस्त्री माणूस, जे सोपं ते आधी तपासून बघणार.

"साइडच्या झाकणातनं गळतंय, अज्जा. आतलं पॅकिंग गेलंय."

"मग घाल की नवं."

"मी पाना सोडलाय."

"मग धर परत," अज्जा म्हणाले आणि राखेचा डबा घेऊन उठले.

हा मठ गडहिंग्लजच्या बाहेर एका उघड्या माळावर होता. मठाचे स्वामी चन्नवीर, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे अज्जाच म्हणत.

एका भक्ताने मरताना आपली जुनी काळी मोटरसायकल मठाला दिली होती. अज्जांना ती चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. कुठे जायचं असलं की कोणी तरी पुढे बसे आणि अज्जा भगवी कफनी आवरून मागे बसत. रात्रभर गाडी अंगणात उभी राही आणि सकाळी तिच्या पोटाखाली तेलाचं थारोळं असे.

ते थारोळं अज्जा स्वतः पुसत. दुसरा कोणी पुढे झाला तर राखेचा डबा त्याच्या हाती देत नसत. हे रोज बघणं शिवगोंडाला जड जाई.

आणि जड जावं असाच तो माणूस होता. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिला काय झालंय ते सांगणारा मिस्त्री म्हणून त्याचं नाव तालुकाभर होतं. लग्न केलं नाही, गॅरेज हाच संसार. पुढे काय झालं कोण जाणे, गिऱ्हाइकांची रांग दारात आणि याला रात्रीची झोप येईना. शेवटी गॅरेज मेहुण्याच्या गळ्यात घातलं आणि स्वारी मठात येऊन दाखल झाली. पाना हातात धरणार नाही, असं आल्या दिवशीच सगळ्यांसमोर जाहीर केलं. माणूस सोडतो तेव्हाही चार लोक बघताहेत ना, हे बघूनच सोडतो.

आणि आता अज्जांनी त्यालाच गाडी दुरुस्तीला दिली. वर एक अट घातली. ज्या सोमवारी सकाळी फरशीवर डाग नसेल, त्या सोमवारी दीक्षा.

शिवगोंडा मनात हसला. एवढंच होय, असं त्याला वाटलं.

त्या गाडीचं पॅकिंग दुकानात मिळायचे दिवस कधीच सरले होते. ते घरीच करायचं, आणि त्यात शिवगोंडाचा हात धरणारा कोणी नव्हता. मठाच्या जत्रेच्या निमंत्रणपत्रिका उरल्या होत्या. चांगला जाड, चिवट कागद. त्याने एक पत्रिका झाकणाच्या कडेवर पालथी ठेवली आणि बारक्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यायला सुरुवात केली. लोखंडाची धार कागद आपोआप कापत जाते. कात्री लागत नाही, माप लागत नाही, फक्त मनगट शांत असावं लागतं.

अज्जा शेजारी येऊन बसले. पत्रिकेवर त्यांच्या नावाआधी ओळभर पदव्या छापल्या होत्या. ठोक्यांसरशी पदव्या एकेक गळून पडत होत्या. अज्जांनी एक कपटा उचलला, वाचला आणि आपल्याशीच हसले.

"हे कुणी शिकिवलं तुला?"

शिवगोंडाची हातोडी थांबली.

"हुसेनसाब मिस्त्रीनं."

"उस्ताद तुझा?"

"व्हता."

पुढचं सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, कारण शिवगोंडानेच ते सांगत फिरवलं होतं. हुसेनसाबच्या हाताखाली तो मिसरूड फुटायच्या आधीपासून होता. जेवायला त्यांच्याच घरी, सणाला कपडे त्यांच्याकडूनच. आणि एका बाजारच्या दिवशी, भर गिऱ्हाइकांत, उस्तादांनी त्याच्या कानाखाली ओढली. शिवगोंडा त्याच पावली बाहेर पडला. पुढे त्याने रस्त्याच्या बरोबर पलीकडे स्वतःचं गॅरेज काढलं आणि उस्तादांची गिऱ्हाइकं एकेक करून ओढून घेतली. हुसेनसाबच्या गॅरेजला शेवटी कुलूप लागलं. ते कुलूप शिवगोंडा रोज समोरून बघायचा.

"कशापायी मारलंतं?" अज्जांनी विचारलं.

"बारक्या गोष्टीपायी."

हातोडी पुन्हा चालू झाली, पण कागद एका जागी वेडावाकडा फाटला. त्याला दुसरी पत्रिका घ्यावी लागली.

ती पत्रिका अर्धी कापून होते न होते तोच माळाखाली वडापची, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणारी, जीप थांबली आणि एक बाई चढ चढून वर आली. डोक्यावर पदर, पायात धूळ. शिवगोंडाने तिला लांबूनच ओळखलं आणि मान खाली घातली. ती जैतून होती, हुसेनसाबची मुलगी. लहानपणी गॅरेजवर दोघांचा डबा तीच आणायची.

तिने अज्जांना नमस्कार केला आणि बोलली ती मात्र शिवगोंडाशी. अब्बांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू पार गेली. बोलणं जवळजवळ बंद आहे, दूधसुद्धा चमच्याने पाजावं लागतं, आणि किती दिवस निघतील ते डॉक्टर सांगत नाहीत.

"डाव्या हातानं उजवा हात उचलत्यात," ती म्हणाली. "त्याच्याकडं बगत बसत्यात. आन तुमचं नाव घेत्यात. दुसरं कायबी बोलाय येत न्हाई, पर तेवढं येतंय."

शिवगोंडा कागदावरची नजर न उचलता म्हणाला, "म्हंजे अजून एक मारायची ऱ्हायलीया म्हणायची."



जैतून तांब्यातलं पाणी घोटभर प्यायली, तिने तांब्या जागेवर ठेवला आणि आली तशी उतरून गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. शिवगोंडाला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं हे दिसलं तर मग मन आटलं असं म्हणता येणार नव्हतं, म्हणून त्याने हातोडी उचलली.

अज्जा उठून आत गेले. त्यांनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

पॅकिंग सुरेख झालं. शिवगोंडाने ते दोन्ही बाजूंनी शेलॅकचा चिकट लेप लावून बसवलं, बोल्ट आलटून पालटून आवळले, वरून कडेला कपड्याच्या साबणाची वडी घासून भेगा बुजवल्या. साबणाची ही युक्ती मिस्त्री लोक रस्त्यावर अडकलेल्या गिऱ्हाइकासाठी वापरतात; कंपनीचा माणूस बघेल तर नाक मुरडेल, पण घरापर्यंत नक्की पोचवते. गाडी चालू करून पाहिली. झाकण कोरडं ठाक होतं.

सकाळी फरशीवर एक थेंब होता. थारोळं नव्हे, एकच थेंब.

शिवगोंडा पोटावर आडवा झाला आणि खालून बघू लागला. झाकण कोरडंच होतं. थेंब पडला होता तो एका बारीक रबरी नळीतून. इंजिन तापलं की त्याच्या पोटात वाफ धरते, ती बाहेर टाकायला ही नळी ठेवलेली असते. मिस्त्री लोक तिला ब्रीदर म्हणतात. जुन्या इंजिनात वाफेबरोबर एखादा थेंब तेल यायचंच. त्याला बिघाड म्हणत नाहीत, आणि हे शिवगोंडाला आपल्या नावाइतकं पक्कं माहीत होतं.

पण अट बिघाडाची नव्हती, फरशीची होती. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

दिवसभर तो त्या नळीभोवती घुटमळत राहिला. खाली डबा ठेवावा, तर अज्जा म्हणणार डबा कशाला. नळी लांब करावी, तर थेंब लांब पडणार, फरशी तीच. संध्याकाळी हातपाय धुताना त्याला कोनाड्यात बाभळीचं दातण दिसलं. नळीत घट्ट बसेल इतकीच जाड काडी.

गाडी उद्या कुठं जाणार आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. नुसती उभी तर राहायची. दीक्षा झाली की काढून टाकू.

त्याने काडीचा तुकडा छाटला, त्यावर दोरा गुंडाळला आणि नळीच्या तोंडात दाबून बसवला. हात सराईतपणे चालला. इतका सराईतपणे, की त्याचं त्यालाच क्षणभर चमकल्यासारखं झालं. पण त्याने तो विचार तिथेच सोडला.

सोमवारी फरशी लख्ख होती.

माळाखालच्या वस्तीतले लोक फुलं घेऊन आले होते. शिवगोंडा पहाटेच अंघोळ करून धूतवस्त्र नेसून उभा होता. अज्जा गाडीजवळ वाकले, तळहात फरशीवरून फिरवला, तळहात पाहिला आणि राखेचा डबा उचलून आत ठेवून आले. शिवगोंडाची छाती फुगली. खोटं कशाला सांगू, त्या घडीला त्याला आपण अज्जांनाही शिकवू शकू असं वाटलं असेल.

"चल," अज्जा म्हणाले, "गाडी काढ."

"कुठं?"

"हुसेनसाबाकडं."

शिवगोंडाचा चेहरा उतरला. आज दीक्षा आहे, लोक जमलेत, परत आल्यावर जाऊ, असं काहीबाही तो बोलू लागला. अज्जांनी ऐकून घेतलं.

"मनात काय उरलं न्हाई म्हणालास न्हवं? मग उरलं न्हाई त्या माणसानं कुठंबी जावं. काय हरकत हाय?"

हरकत एकच होती, आणि ती नळीत ठोकून बसवलेली होती. दोन बोटं घालून काढून टाकायचं काम. पण सगळी वस्ती भोवती उभी होती. काडी काढली असती तर कोणीतरी विचारलंच असतं, आणि नळीत तुंबलेला थेंब त्या लख्ख फरशीवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडला असता...

शिवगोंडाने किक मारली. अज्जा कफनी आवरून मागे बसले.

उसाच्या फडांमधला सपाट रस्ता बरा गेला. पुढे चढ लागला तसा इंजिनाचा आवाज जड झाला. ज्याला रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून आजार कळायचा, त्याला मांडीखालच्या गाडीचा कळत नव्हता असं नाही. त्याला सगळं कळत होतं. थांबू का, असं दहादा त्याच्या ओठांवर आलं. थांबलं म्हणजे सांगावं लागणार, म्हणून तो थांबला नाही.

आधी जळक्या तेलाचा वास आला. मग उजव्या घोट्यावर काहीतरी कढत उडालं. चढ संपून वळण लागलं, आणि तिथे मागचं चाक बुळबुळीत होऊन पायाखालून निसटलं.

वेग नव्हता म्हणून निभावलं. गाडी आडवी झाली, शिवगोंडा गुडघ्यावर आपटला आणि अज्जा रस्त्याकडेच्या गवतात पडले. तो धावत त्यांच्याकडे गेला. त्यांचं कोपर सोललं होतं. भगवी कफनी कमरेपासून खाली तेलाने काळी झाली होती.

"लागलं काय, अज्जा?"

"बगू," म्हणून अज्जांनी हात हलवून पाहिला. हात हलला. मग ते मैलाच्या दगडावर जाऊन बसले.

शिवगोंडाने गाडी उभी केली. झाकणातून, नळकांड्याच्या बुडातून, जिथून म्हणून जागा होती तिथून तेल येत होतं. जत्रेच्या पत्रिकेचं पॅकिंग एका बाजूने फाटून बाहेर लोंबत होतं.

"आता कुठनं गळतंय?" अज्जांनी विचारलं. आवाजात खोच नव्हती.

"सगळीकडनं."

मग तो खाली बसला आणि गाडीच्या डब्यातल्या पकडीने ती काडी उपसून काढली. नळीतून गरम वाफ सूं करत बाहेर आली आणि बराच वेळ येत राहिली.

अज्जांनी हात पुढे केला. शिवगोंडाने काडी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"दातण हाय हे."

"व्हय."

"कुणी घातलं?"

"मी."

"का?"

"फरशीवर डाग पडू नये म्हणून."

अज्जांनी काडी उलटसुलट करून पाहिली. "मला ह्यातलं काय कळत न्हाई. ती नळी कशाला असती?"

"इंजिनालाबी श्वास लागतोय, अज्जा. आत वाफ धरती, तिला भायेर जायला वाट लागती. कोंडली तर जितं कच्चं असंल तितनं फोडून..."

तो मध्येच थांबला. हे शब्द त्याचे नव्हते.

त्याचा हात आपसूक डाव्या गालावर गेला.

"इंजन कू बी सांस लगती रे." हुसेनसाब असं म्हणाले होते, आधी नाही, मारल्यावर. त्या बाजारच्या दिवशी. तेव्हाही जुनी गाडी होती, तेव्हाही नळीतून थेंब पडत होता. गिऱ्हाईक शाळामास्तर होते. ओट्यावर डाग पडतो म्हणून कुरकुरत होते. शिवगोंडाने त्यांना एक थेंब पडणार नाही म्हणून शब्द दिला आणि उस्तादांना न विचारता नळीत बाभळीची काडी ठोकली. मास्तर बायकोला मागे बसवून बाजाराला निघाले आणि वाटेत तेलावरून गाडी घसरली. बाईंचा हात मोडला. मास्तर तिला घेऊन गॅरेजवर आले तेव्हा हुसेनसाबने नळीतून काडी काढली, मुठीत धरली आणि त्याच हाताने...

इतकी वर्षं शिवगोंडा तालुकाभर थप्पड सांगत फिरला होता. काडी त्याने कोणालाच सांगितली नव्हती. पुढे पुढे स्वतःलाही नाही.

आता त्याने ती सांगितली. रस्त्यात मातीत बसून, घोगऱ्या आवाजात, सगळी. सांगता सांगता तो रडू लागला, आणि रडू थांबवायचा त्याने प्रयत्न केला नाही. अज्जा ऐकत होते. मुठीने रस्त्यावरची बारीक माती उचलून ते कफनीवरचं तेल टिपत होते, रोज सकाळी राखेने टिपायचे तसंच.

"त्यानं मारलं ते काय बरं केलं न्हाई," अज्जा शेवटी म्हणाले. "ते त्यालाबी कळलंय. न्हाईतर मेलेला हात उचलून कोण बघत बसलं असतं?"

शिवगोंडा पुढे सरकला आणि त्याने अज्जांचे पाय धरले.

"अज्जा, तुमीबी एक मारा मला. तुमाला पाडलं मी."

अज्जांनी आपला उजवा हात वर करून पाहिला. कोपरातून रक्त ओघळून मनगटापर्यंत आलं होतं.

"ह्या हाताला ते येत न्हाई," ते म्हणाले.

चढावर वडापची जीप दिसू लागली. अज्जांनी दगडावरून न उठताच तिला हात केला. शिवगोंडा म्हणाला की तुम्हाला असं सोडून कसा जाऊ. ते म्हणाले, मी बसतो इथं, गाडी थंड होईल तोवर मठातून कोणी ना कोणी येईलच. तू जा, तिथं वाट बघणं चाललंय आणि ते किती दिवस चालेल सांगता येत नाही.

जीप थांबली. अज्जांनी तळहातावरची काडी शिवगोंडाच्या हातात दिली. त्याने ती मुठीत घट्ट धरली.

एक पाय जीपच्या फळीवर ठेवून तो थांबला. धूतवस्त्राला माती आणि तेल लागलेलं, डोळे लाल. आतले लोक चुळबुळ करत होते. पण विचारल्याशिवाय त्याचा दुसरा पाय उचलेना.

"अज्जा... परत आलो की दीक्षा देशीला न्हवं?"

अज्जा कफनीवरची माती झटकत होते.

"दीक्षा एकदाच देत्यात रं. तुला तुझ्या उस्तादानं दिल्याली. तू मधनंच उठून आलास."